सगळ्यांच्या पेन्सिली

शुक्रवार, २ डिसेंबर १९५५

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला. पटावर बेचाळीस, वर्गात सव्वीस. उरलेली सोळा कापूस वेचायला. आज शाळा सुटल्यावर चार घरं फिरले, चारही ठिकाणी एकच उत्तर. "बाई, वेचनी सरी की धाडतस." वेचणी सरली की हरभरा येईल, हरभरा सरला की लग्नं येतील. मोहाडखेड्यात अकरा वर्षं पहिलीचा वर्ग घेते आहे. धुळ्याहून आले तेव्हा तिशीची होते, नवरा जाऊन वर्ष झालं होतं, आणि वाटलं होतं की पाच वर्षांत सगळं गाव लिहू-वाचू लागेल. माझं हसू येतं मला.

समाधान एकाच गोष्टीचं, माझ्या डब्याचं. पाटीवरच्या पेन्सिलींवरून वर्गात रोज रडारड व्हायची. कुणाकडे चार, कुणाकडे एकही नाही. ज्याच्याकडे नाही तो हात बांधून बसणार, नाहीतर चोरून मार खाणार. काही आईबाप तर "पेन्सल नही" एवढ्या कारणावर पोर घरी ठेवायचे. दोन वर्षांपूर्वी अमळनेरहून वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणला, घासूनपुसून वर्गात ठेवला आणि नियम केला. संध्याकाळी घंटेआधी सगळ्यांनी पेन्सिली डब्यात टाकायच्या, सकाळी हाताला येईल ती घ्यायची. आता चेअरमनच्या नातीची पेन्सिल हरिजनवाड्यातल्या पोराच्या हातात येते आणि त्याची तिच्या हातात. पुढाऱ्यांच्या भाषणांनी गावात जे झालं नाही ते एका डब्यानं केलं. हे इथेच लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर म्हणतील बाईला गर्व झाला.

सोमवार, ५ डिसेंबर

पुढच्या सोमवारी डेप्युटीसाहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. आमचे हेडमास्तर गिरधर गुरुजी तेव्हापासून पाणी पीत फिरताहेत. हजेरी भरली नाही तर पाचवीच्या वर्गाला मान्यता मिळणार नाही, आणि पाचवी हवी आहे संस्थेचे चेअरमन भिकननाना यांना. म्हणजे गुरुजींना हवीच.

आज कुंदाचा एक प्रकार. अभिमन पाटलांची थोरली. दारापाशी शेवटच्या ओळीत बसते, अक्षर टपोरं, बोलणं कमी. डबा फिरवला तर मूठ उघडेना. आत नवी कोरी पेन्सिल, वरच्या टोकाला लाल धागा गुंडाळलेला.

"आजीनी बांधेल शे," म्हणाली. "कोनले द्यानी नही."

मी कात्रीनं धागा कापला आणि पेन्सिल डब्यात टाकली. वर्गाला विचारलं, "पेन्सिली कुणाच्या?" सगळी ओरडली, "सगळ्यांच्या." कुंदाही ओरडली, जरा उशिरानं. लहानपणीच कळलेलं बरं. धागा टेबलाच्या खणात टाकला.

मंगळवार, ६ डिसेंबर

कुंदाची आजी धुरपदाबाई भर वर्गात आली. डोक्यावर पदर, हातात विळा, शेताकडे निघालेली.

"बाई, मनी नातनी पेन्सल तिनीच राहू द्या. बठ्ठा पोरे तोंडमा घालतस, मंग तीच हाई तोंडमा घालस. एकनं उष्टं दुसराना पोटमा."

मला काय ते कळलं. अकरा वर्षं ऐकते आहे मी हे, नाव वेगवेगळं घेतात एवढंच. मी म्हटलं, "अक्का, कुणाचं उष्टं नको ते सरळ सांगा ना. जूनपासून कायदा लागू झाला आहे. शाळेत शिवाशीव केली तर तुरुंगात जावं लागतं."

म्हातारी गोंधळली. "मी शिवाशिवनं नाव तरी लिन्हं का? मनं सोतानं उष्टं बी मी तिले देस नही."

अशा पळवाटा मी पुष्कळ पाहिल्या. तिला पायरीपर्यंत पोचवून आले. सगळीच पोरं पेन्सिल तोंडात घालतात हे खरं, पण ओली केल्याशिवाय ती ठसठशीत उमटतच नाही, मी स्वतः तशीच शिकले आणि मला काही झालं नाही.

शनिवार, १० डिसेंबर

भिकननानांची नात लता माझ्याच वर्गात आहे, पहिल्या ओळीत. काल तिचा गळा सुजलेला दिसला. आवाज घोगरा, तोंडातून लाळ, पेन्सिलही ओलीचिंब. दुपारी नानांचा गडी येऊन घेऊन गेला. आज आली नाही. सोमवारचं स्वागतगीत तिच्या गळ्यावर आहे, म्हणून मी गुरुजींना म्हटलं की दुसरी मुलगी तयार करते.

गुरुजी म्हणाले, "नानांचा निरोप आहे, लता येणार. पटावरची सगळीच आली पाहिजेत. आजारी असोत की काही असो, उचलून आणा."

"आणि तिला काय झालंय?"

"नाना तिला अमळनेरला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टर काय म्हणाले ते मला कसं ठाऊक असणार?"

विचारायचं धाडस नाही असं म्हणा की. या माणसानं हेडमास्तर व्हायच्या ऐवजी नानांच्या घरी दार उघडायला उभं राहावं.

सोमवार, १२ डिसेंबर

बेचाळीसपैकी एकेचाळीस. गुरुजींनी दोन शिपाई आणि एक बैलगाडी गावभर फिरवली.

लता गायली. गायली कसली, दोन ओळींनंतर आवाजच फुटेना, बाकीच्यांनी ओढून नेलं. तिचे डोळे तापानं लाल दिसत होते. मी नानांकडे पाहिलं, ते साहेबांना हार घालत होते. मग साहेबांनी माझ्या वर्गात दहा शब्दांचं शुद्धलेखन घातलं. डबा फिरला, पेन्सिली वाटल्या, पुन्हा गोळा झाल्या. साहेबांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यांनी डबा हातात घेऊन हलवून बघितला आणि शेरापुस्तकात माझं नाव घालून चार ओळी लिहिल्या, 'समतेचा प्रत्यक्ष पाठ'. अकरा वर्षांत पहिल्यांदा. लताचा ताप नसता मनात तर आज मी पुरणपोळी केली असती.

शनिवार, १७ डिसेंबर

लताला घटसर्प. मंगळवारी सकाळीच नानांनी मोटार करून धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, टोचायचं औषध वेळेवर मिळालं, पोर वाचली. वाचली हे फार चांगलं झालं. पण त्यांना माहीत होतं. गड्यानं आज मारुतीच्या पारावर सांगून टाकलं. डॉक्टरांनी शुक्रवारीच नानांना बजावलं होतं, घटसर्प वाटतो, ताबडतोब धुळ्याला न्या, शाळेत पाठवायची नाही. तीन दिवस तपासणीसाठी थांबले.

कुंदा गुरुवारपासून तापात आहे. संध्याकाळी गेले होते. घशात पांढरा पापुद्रा, मान सुजून हनुवटीशी आलेली. धुरपदाबाई मला दारातच म्हणाली, "बाई, जवळ बसू नका." पोरीचा पेला निराळा, ताटली निराळी, वापरली की राखेनं घासून उकळत्या पाण्यात टाकते, बाकीच्या भांड्यांना लावू देत नाही. धाकट्या सुमनला शेजारी पाठवून दिलंय. मरणाच्या दारात पडलेल्या नातीचाही विटाळ पाळणारी माणसं ही. मला तिथे बसवेना.

अभिमनभाऊ उद्या पहाटे गाडी जुंपून अमळनेरला आणि तिथून मोटारीनं धुळ्याला नेणार आहेत. आजच न्या म्हणून मी भांडले. आज बैल पाहुण्यांकडे गेलेले होते.

मंगळवार, २० डिसेंबर

कुंदा परवाच गेली. अमळनेर दोन मैलांवर राहिलं होतं. काल काही लिहवलं नाही.

सात वर्षांची होती. 'कमळ' शब्दातला ळ तिला जमायचा नाही, सोमवारच्या शुद्धलेखनात जमला होता.

शुक्रवार, २३ डिसेंबर

आणखी दोघं आजारी, दोघंही माझ्या वर्गातली. एकाला धुळ्याला नेलंय, दुसरीचा घसा अजून साफ आहे. संस्थेच्या सभेत मी म्हटलं, शाळा पंधरा दिवस बंद करा. भिकननाना म्हणाले, "बाई, देवाच्या करणीला शाळा काय करेल? आठवडे बाजारातून आलं असेल." मी विचारलं, "नाना, शुक्रवारी डॉक्टर काय म्हणाले होते?" सभेत एकदम सगळ्यांना खोकला झाला. गुरुजी माझ्याकडे बघेनात.

शाळा बंद केली ती तालुक्याच्या आरोग्य खात्यातला माणूस आल्यावर. मी शिपायाला घेऊन वर्ग फिनेलनं धुतला, पाण्याचा माठ फोडला, प्रत्येकानं आपला पेला आणायचा असं फळ्यावर लिहिलं. गुरुजी म्हणाले, हा डबाही फेकून द्या बाई, उगाच कशाला. मी त्यांना चांगलंच सुनावलं. ज्यांनी आजारी पोर वर्गात बसवलं ते आता गरिबांच्या पेन्सिलींवर खापर फोडणार. डबा मी घरी आणून कपाटात ठेवलाय, कुणाचा हात लागणार नाही असा.

सोमवार, ९ जानेवारी १९५६

शाळा उघडली. आणखी कुणी दगावलं नाही, दोघंही बरी. डबा परत नेला.

अभिमनभाऊ आले होते. ओसरीवर बसले, चहाला नको म्हणाले. फार कमी बोलणारा माणूस, बोलताना जमिनीकडे बघतो.

"बाई, मनी पोर गयी. शाळानी बलावं म्हनून मी धाडी. कोन जबाबदार शे, एवढंच माले इचारनं शे. नाना म्हनतस देव. मंग देवले तपासनी कोनी सांगी व्हती?"

मी म्हटलं, हे कोर्टात विचारा. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, शाळा मूल ताब्यात घेते तेव्हा त्याची काळजीही घेते. रोग माहीत असताना रोगी शेजारी आणून बसवला तर संस्थेनं उत्तर द्यायला हवं. मला कायदा येत नाही, पण एवढं तर न्यायाचं असेलच. अमळनेरला पितांबर वकील आहेत, त्यांच्या नावे चिठ्ठी दिली. आणि म्हटलं, साक्ष मी देईन.

म्हणून तर बसले. आता नोकरी राहील असं वाटत नाही. जाईना. एवढा राग आलेला असताना भीती कुठे शिल्लक राहते?

शुक्रवार, २७ जानेवारी

दावा लागणार याचा वास नानांना लागला. गुरुजी आज मधल्या सुट्टीत माझा हजेरीपट घेऊन आले, सोबत शाईची दौत. १२ डिसेंबरच्या रकान्यात लताच्या नावापुढे 'ह' आहे, तिथे 'गै' करायचं.

"एक काना-मात्रेचं काम आहे सुनंदाबाई," म्हणाले. "तुमच्या हातचं अक्षर हवं."

मी म्हटलं, "गुरुजी, पोरांनी पाटीवर खोटं लिहिलं तर आपण छडी मारतो."

ते तिथेच बसून राहिले. मग म्हणाले, घरी चार लेकरं आहेत, नाना म्हणतील तसं करावं लागतं, आणि डोळे पुसले. मला दया यायला हवी होती. आली नाही. हजेरीपट मी कुलपात घातला आणि किल्ली मंगळसूत्र असायचं त्या जागी गळ्यात बांधली.

बुधवार, २१ मार्च

दावा दाखल झाला. कोर्टात नुकसानीचा आकडा टाकावाच लागतो म्हणे, अभिमनभाऊ वकिलांना म्हणाले, "तुम्हीनच टाका काय तो." त्यांना संस्थेच्या चुकीवर कोर्टाचा शिक्का हवा आहे.

नानांनी वाड्यावर बोलावलं. गेले. सुपारी कातरत म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याच पोराबाळांना घडवलं. शाळेनं तुम्हाला अकरा वर्षं पोसलं." मी म्हटलं, मी शिकवलं म्हणून पगार घेतला, पोसलं म्हणू नका. तेवढ्यात लता आतून धावत आली, बाई म्हणून बिलगली. घोगरेपणा अजून गेलेला नाही. तिच्या केसांतून हात फिरवला आणि घरी येईपर्यंत नुसती चालत राहिले. त्या पोरीवर माझा काही राग नाही, कुणाचा असेल तर त्याला मी बघून घेईन.

गुरुवार, ९ ऑगस्ट

तिसरी तारीख. पुन्हा पुढे ढकलली. संस्थेच्या वकिलाचं पोट दुखतं दर वेळी.

मंगळवार, २० नोव्हेंबर १९५६

आज साक्ष झाली. सगळं जसंच्या तसं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही.

साक्षीदारांना आत बसू देत नाहीत. कोर्टाच्या ओट्यावरच्या बाकावर मी आणि ते अमळनेरचे डॉक्टर. नानांना शाळेत पाठवू नका म्हणून सांगणारे तेच. वयस्क, साधे. त्यांची साक्ष माझ्यानंतर होती. म्हणाले, "मी सांगितलं ते सांगेनच. पण बाई, संस्थेचा वकील दुसरीकडून येणार आहे. म्हणेल, लता पहिल्या ओळीत, कुंदा दाराशी. घरं गावाच्या दोन टोकांना. एकत्र खेळत नव्हत्या. मग रोग पोचला कसा? त्याला मी काय उत्तर देऊ तेच बघतोय. घटसर्प थुंकीतून जातो. एका पेल्यानं पाणी पीत होत्या का?"

मी म्हटलं, लता घरून पितळी तांब्या आणते, दुसऱ्याचं पाणी पीत नाही.

"एका ताटात खाणं?"

"नाही."

"मग राहिलं काय? तोंडातली एखादी वस्तू. शिट्टी, पेन्सिल, असलं काही. मुलं पेन्सिल चोखतात ना, ती तशीच दुसऱ्याच्या तोंडात गेली तर पुरे आहे." आणि त्यांनी पिशवीतून पान काढून चुना लावायला घेतला.

समोर लिंबाच्या झाडाखाली अभिमनभाऊ उकिडवे बसले होते, शेजारी धुरपदाबाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन. माझ्याकडेच बघत होती, वाईट नजरेनं नव्हे. त्या दिवशी वर्गात विळा घेऊन उभी होती तशीच. बठ्ठा पोरे तोंडमा घालतस. तिनं सरळ सरळ, समजेल अशा शब्दांत सांगितलं होतं. आणि मी तिला तुरुंग दाखवला.

पुकारा झाला.

पितांबर वकिलांनी विचारलं ते सगळं ठरल्याप्रमाणे झालं. लताचा गळा, गुरुजींचा निरोप, बैलगाडी, हजेरीपट. मग संस्थेचे वकील उठले. फार गोड माणूस.

"बाई, एका पेल्यातून पाणी?"

"नाही."

"शेजारी बसणं? खेळणं? एकमेकींच्या घरी जाणं?"

"नाही."

"म्हणजे लताकडून कुंदापर्यंत पोचेल असं काहीच तुमच्या वर्गात नव्हतं. बरोबर?"

'बरोबर' म्हणाले असते तर दावा तिथे संपला असता. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर डॉक्टरांवर गेला असता. नोकरी गेली तरी चालेल असं मी वर्षभर म्हणत होते, मला वाटलं होतं जाईल ती फक्त नोकरी. पितांबर वकील मान हलवून खूण करत होते, थांबा म्हणून.

मी म्हटलं, "होतं. मी पोचवत होते, रोज."

जज्जसाहेबांनी लेखणी थांबवून वर बघितलं. मी डब्याचं सांगितलं. बारा तारखेला लतानं चोखलेली पेन्सिल मी गोळा केली, तेराला वाटली. कुंदाला तिच्या आजीनं वेगळी दिली होती, धागा बांधून. तो धागा मी कापला. आजी सांगायला आली, तिला मी हाकललं. कुंदा गेल्यावरसुद्धा मी डबा फिरवत राहिले. कालसुद्धा फिरवला. हे सांगताना माझा आवाज वर्गात शिकवते तसाच येत होता, त्याचीच मला चीड येत होती.

संस्थेचे वकील हसून खाली बसले. त्यांना वाटलं, साक्षीदारानं दोष आपल्यावर घेतला, संस्था सुटली.

बुधवार, २१ नोव्हेंबर

वर्गात डबा नाही म्हणून पोरं विचारत होती. काल कोर्टातून आल्यावर तो बोरी नदीच्या पात्रात खड्डा करून पुरला. एकेक पेन्सिल आपल्या पैशानं आणून दिली आणि म्हटलं, ही तुझी, कुणाला द्यायची नाही. पोरांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाईंना झालंय काय. तीन वर्षं जे घोकून घेतलं ते एका सकाळी उलटं करायचं.

गावात सगळ्यांच्या तोंडी आता 'बाईचा डबा'. नाना पारावर म्हणतात, बघा, आमच्या पोरीला उगाच बदनाम केलं. हा निर्लज्जपणा कुठून आणतात? माझी चूक मी शपथेवर सांगितली. त्यांची ते कधी सांगणार? डबा माझा, पण रोग माहीत असून पोर डब्यापाशी आणून बसवली ती कुणी? दोन्ही खरं आहे. एक कबूल केलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही. मी स्वतःला माफ करत नाही म्हणून त्यांनाही करणार नाही.

शुक्रवार, १८ जानेवारी १९५७

निकाल लागला. पितांबर वकिलांनी समजावून सांगितलं. जज्जसाहेब म्हणतात, आजारी मूल जाणूनबुजून हजर केलं ही संस्थेची चूक, आणि शिक्षिकेनं वर्गात चालवलेली पद्धत हीदेखील संस्थेचीच, कारण शिक्षिका संस्थेची. तपासणीच्या शेरापुस्तकात डब्याचं कौतुक आहे, म्हणजे संस्थेला पद्धत ठाऊक होती. संस्था जबाबदार. वकील म्हणाले, "तुमच्या शेवटच्या उत्तरावर निकाल आला, बाई. नाहीतर दुवा जुळत नव्हता."

अभिमनभाऊंनी ओट्यावर माझ्या पायाला हात लावला. मी मागे सरकले. "नका हो," म्हटलं, "तुम्ही ऐकलं ना मी काय सांगितलं?"

"ऐकं," म्हणाले. "दुसरं कोनी सांगं नही."

धुरपदाबाई आली नव्हती. तिनं चार शिव्या द्याव्यात म्हणून मी दोन महिने तिच्या घरावरून जाते आहे. ती बघते आणि "या बाई" म्हणते. माझी बाकी कुणावर नाही एवढी या 'या बाई'वर चिडचिड होते.

सोमवार, ४ फेब्रुवारी

काढून टाकल्याचं पत्र. 'संस्थेच्या लौकिकास बाधा.' गुरुजींनी हातात दिलं आणि पाठ वळवली. पाचवीला मान्यता मिळाली आहे, तीही आजच कळली.

टेबलाचा खण रिकामा केला. खडू, कात्री, मुलांचे जप्त केलेले भोवरे, आणि कोपऱ्यात तो लाल धागा. बोटभर. या वहीत ठेवलाय.

धुळ्याला भावाकडे जायचं ठरत होतं. नाही जाणार. गावात राहून रोज धुरपदाबाईच्या घरावरून जाणं ही माझी शिक्षा, ती कोर्टानं दिली नाही म्हणून मी चुकवायची की काय?

सोमवार, १० जून १९५७

आज शाळा सुरू झाली. घंटा घरापर्यंत ऐकू येते. मी ओसरीवर गहू निवडत बसले होते, निवडलेलेच पुन्हा निवडत होते.

धुरपदाबाई आली. हात धरून सुमन, कुंदाची धाकटी बहीण, सहा वर्षांची, नवं परकर-पोलकं, काखेत पाटी. मला वाटलं शाळेत निघाल्या आहेत.

"शाळा तिकडे, अक्का," मी म्हटलं.

"माले माहीत शे." म्हातारी पायरीवर बसली, सुमनलाही बसवलं. "हिले तुम्हीन शिकाडा."

मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडे? मी काय केलं ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळस ना. मनाइतकं कोनले कळस?" तिनं सुमनची पाटी पायरीला टेकवून ठेवली. "तुम्हीन आते कधी बी चुकाव नहीत. दुसरी बाईले आजून चुकनं शे."

मला रडू यायला नको होतं, आलं. अक्कानं ते संपू दिलं. मग कनवटीची गाठ सोडली, त्यातून एक कोरी पेन्सिल काढली आणि लाल दोऱ्याची गुंडी.

"मना हात कापस आते. धागा तुम्हीन बांधा."

मी बांधला. तीन वेढे घेतले, दोन गाठी मारल्या, उरलेलं टोक दातानं तोडणार होते ते थांबले आणि आतून कात्री आणली. पेन्सिल सुमनच्या हातात देण्याआधी अक्कानं ती घेतली आणि धागा ओढून बघितला.